डोक्याला मार, खेळाडू बाहेर!

एप्रिल जवळ आला की खंडाळा तालुक्यातल्या वस्त्यांत दोन कामं एकदम सुरू होतात. एक जयंतीची वर्गणी, दुसरं कबड्डीचं मैदान. शिरवळच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेली पोरं संध्याकाळी कुदळ-फावडं घेतात, माती उकरतात, खडे वेचतात, पाणी मारतात, फक्की टाकतात. लाइटचे खांब उभे राहतात. स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या एका कडेला आमचंही टेबल असतं. त्यावर कापूस, पट्ट्या, बर्फाचा डबा आणि मीठ-साखरेचं पाणी. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून सोळा वर्षं वॉर्डात काढली. आता वस्त्यांतून आरोग्याचं काम करतो. पोरं आम्हाला अजून सिस्टरच म्हणतात.

त्या टेबलाशी बसलं की प्रेक्षकांच्या गप्पा कानावर पडतात. कबड्डीतला कोणता नियम बदलायला हवा, हे प्रत्येकाला माहीत असतं. एकजण म्हणतो, आघाडी मिळाली की संघ नुसता वेळ काढतात, त्यांना दंड हवा. दुसरा म्हणतो, टीव्हीवर असतो तसा पुन्हा बघायचा कॅमेरा गावातही हवा, म्हणजे पंचाच्या बोटावरून मारामाऱ्या होणार नाहीत. तिसऱ्याचं दुखणं वेगळंच, ६५ किलोच्या गटात ७० किलोची पोरं घुसतात. सगळ्यांचं थोडंथोडं बरोबर असतं. आम्हाला कोणी विचारत नाही, पण आमचीही एक मागणी आहे. ती मागणी कशी सुचली ते आधी सांगतो.

आम्ही तिथेच होतो

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातलंच एक गाव, अंतिम सामना, गुण बरोबरीत. १९ वर्षांचा एक पोरगा चढाईला गेला. कोपऱ्यातल्याने घोटा धरला, मधल्या दोघांनी अंगावर झेप घेतली. पोराचं डोकं एकाच्या गुडघ्यावर आपटलं आणि मग जमिनीवर. काही क्षण तो तसाच पडून राहिला. कोणीतरी तोंडावर पाणी मारलं. "ऊठ वाघा!" अशी आरोळी आली. पोरगा उठला आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या अंगणात उभा राहिला.

लोक हसले. खरं सांगायचं तर आम्हीही हसलो.

मग आम्ही त्याला टेबलाशी बोलावलं. नाव विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. "सिस्टर, मला काय झालंय? सोडा," म्हणाला. सरपंचांनी विचारलं, "खेळतोस ना?" त्याने मान हलवली. बाकावर राखीव खेळाडू बसलेले होते, पण हा त्यांचा मुख्य चढाईपटू. त्याने पुढे दोन गुण आणले. संघ जिंकला. निळा गुलाल उधळला, त्याला खांद्यावर घेऊन वस्तीभर मिरवलं.

रात्री डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. आईला वाटलं, दिवसभर उन्हात होता, पोटात काही नाही. तिने लिंबूपाणी दिलं आणि झोपवलं. पहाटे तीनला हाका मारल्या तर नीट उठेना. शेजारच्याची जीप काढून साताऱ्याला नेलं. तपासणीत कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचलेलं निघालं. ऑपरेशन झालं. पोरगा वाचला, हे मोठंच नशीब. पण सहा महिने कामावर जाता आलं नाही. ठेकेदाराकडची नोकरी, नाव कमी झालं. आजही प्रखर उजेडात त्याचं डोकं ठणकतं आणि सांगितलेली गोष्ट लक्षात राहत नाही. चषक मंडळाच्या कपाटात आहे.

त्याच्या आईने आम्हाला एकच विचारलं, "तुम्ही तिथं होता ना? मग बाहेर का नाही काढलं?"

आमच्याकडे उत्तर एकच होतं. काढायचा नियमच नव्हता. समोरच्या अंगणात जाऊन उभं राहणं ही थट्टेची गोष्ट नाही, मेंदू गोंधळल्याची खूण आहे, हे आम्ही शिकलो होतो. पण ज्ञान आमच्या टेबलावर होतं आणि अधिकार कोणाकडेच नव्हता. सरपंचांनी पोराला विचारलं, पोराने संघाकडे पाहिलं, संघाने प्रेक्षकांकडे. अशा वेळी १९ वर्षांचं पोरगं "मला जमत नाही" कसं म्हणेल? ज्याच्या मेंदूला मार बसलाय, त्याच्याच मेंदूला आपण निर्णय विचारत होतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. डोक्याला मार लागला आणि एकही खूण दिसली, की खेळाडू बाहेर. त्या दिवशी परत मैदानात नाही. त्याला विचारायचं नाही, संघनायकाला विचारायचं नाही, प्रेक्षकांना तर नाहीच.

मेंदूचा हादरा म्हणजे काय

डब्यात ठेवलेलं दही डबा आपटला की हलतं. डब्याला पोचा पडायलाच हवा असं नाही. कवटीतल्या मेंदूचं तसंच आहे. वरून खोक पडली नाही, रक्त आलं नाही, तरी आत हादरा बसतो. बहुतेक वेळा माणूस बेशुद्धही पडत नाही. त्यामुळे "शुद्धीत आहे, म्हणजे काही झालं नाही" हा आपला पहिला गैरसमज.

दुसरा गैरसमज असा की जे व्हायचं ते लगेच होतं. कधीकधी माणूस तास-दोन तास नीट बोलतो, चालतो आणि आतमध्ये रक्त साचत असतं. वर सांगितलेल्या पोराचं हेच झालं.

तिसरा गैरसमज फोटोचा. सीटी स्कॅन रक्तस्राव शोधण्यासाठी असतो. नुसता हादरा त्यात बहुधा दिसत नाही. "फोटो चांगला आलाय, उद्यापासून खेळ" असं म्हणणं म्हणूनच चुकीचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा जीव जातो, आणि जास्त करून कोवळ्या वयाच्या पोरांचा जातो. पहिला मार आपल्या हातात नसतो. दुसरा असतो. नियम दुसऱ्या मारासाठी हवा.

नियम बदलतात, आपल्यासमोर बदललेत

"पूर्वापार चालत आलेला खेळ, त्यात कसले बदल?" असं काही जुने खेळाडू म्हणतात. पण कबड्डी कधी एका जागी थांबली आहे? आपल्या आजोबांच्या तोंडी हुतूतू होता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि टीव्हीवर आपण नवाच खेळ पाहिला. चढाईला ३० सेकंद, सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आण नाहीतर बाद हो, तीन किंवा कमी जणांनी पकड केली तर एक गुण जादा. हे नियम वस्तीतल्या पोरांनी झटक्यात उचलले. कशासाठी झाले हे बदल? प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून. आपली करमणूक व्हावी म्हणून नियम बदलता येतो, तर आपलं पोरगं घरी धडपणे यावं म्हणूनही बदलता येईल. देशाच्या घटनेतही दुरुस्तीसाठी ३६८ वं कलम आहे. मग कबड्डीच्या पत्रकात एक ओळ बदलायला काय अडचण आहे?

खेळाडूच्या अंगाची काळजी घेणं कबड्डीला नवीन नाही. नखं कापलेली असावीत, अंगावर दागिना नसावा, चढाईपटूचं तोंड किंवा गळा दाबून दम तोडू नये, पायांची कात्री घालू नये, हे सगळं नियमात आहेच. कधीतरी कोणाला तरी इजा झाली असेल, तेव्हाच कोणाला तरी हे लिहावंसं वाटलं असेल. त्याच यादीत आणखी एक ओळ घालायची आहे.

क्रिकेटवाल्यांनी ती घातली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज मानेवर चेंडू बसून गेला. त्यानंतर या विषयाला जोर आला आणि १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेता येऊ लागला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर खेळत असताना जोफ्रा आर्चरचा चेंडू त्याच्या मानेवर बसला. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. तासाभराच्या आत तो परत आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास सुरू झाला. मग त्याला सामन्यातून काढलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. नव्या नियमाचा तो पहिला बदली खेळाडू. एवढे डॉक्टर हाताशी असून लक्षण दुसऱ्या दिवशी दिसलं. मग आमच्यासारखीने टेबलाशी दोन मिनिटांत "जा, खेळ" कसं म्हणावं?

अमेरिकेत हा नियम एका पोराच्या आईबापाने आणला. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा एक शाळकरी मुलगा त्यांच्याकडच्या फुटबॉलच्या सामन्यात डोक्यावर पडला, थोडा वेळ बसला आणि परत खेळला. सामना संपताच कोसळला. जीव वाचला, पण पुढची वर्षं चाकाच्या खुर्चीत गेली. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये तिथे कायदा झाला. १८ वर्षांखालच्या खेळाडूच्या मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी त्याला बाहेर काढायचं, आणि जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. ब्रिटनमध्येही २०२३ पासून हौशी खेळांसाठी सरकारी सूचना आहेत. त्या सांगतात की शंका असेल तर खेळाडूला बसवा, आणि २१ दिवसांच्या आत सामन्यात उतरवू नका.

क्रिकेटला मोठी अडचण होती. तिथे बदली खेळाडूला फलंदाजी-गोलंदाजी करायला बंदी होती, ती आधी उठवावी लागली. आपल्याला तीही अडचण नाही. कबड्डीचा संघ १२ जणांचा. ७ मैदानात, ५ राखीव. माणूस बाकावर तयार आहे. फक्त उठवायची सक्ती नाही.

मंडळांचे आक्षेप

हा विषय आम्ही मंडळांपुढे मांडला तेव्हा चार गोष्टी ऐकल्या.

"पोरं नाटकं करतील." करोत. नाटक करणाऱ्याला त्या दिवशी परत खेळता येणार नाही. एवढं नुकसान सोसून नाटक करणारा विरळा. उलट आज पोरं बरोबर उलटं नाटक करतात, लागलेलं असून लागलं नाही म्हणतात. मुलींचं आणखी वेगळं. त्या खरं सांगतात, तर प्रशिक्षकच "नखरे करू नको" म्हणतो.

"अंतिम सामन्यात मुख्य खेळाडू गेला तर?" तर संघ कदाचित हरेल. पुढच्या वर्षी जयंती पुन्हा येणार आहे.

"आमच्या काळात असलं काही नव्हतं." होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. वस्तीवस्तीत असा एखादा जुना खेळाडू असतो, ज्याचं डोकं कायम दुखतं, जो चिडका झाला आणि ज्याला लोक "दारूने गेला" म्हणतात. दारूने जाणारे असतातच. पण प्रत्येकाला दारूनेच नेलं का, हे कोणी तपासलं नाही.

"गावात डॉक्टर कुठे आहे?" म्हणूनच तर नियम सोपा हवा. रोगाचं निदान डॉक्टर करतील. बाहेर बसवायला डॉक्टर लागत नाही, डोळे लागतात. पंच, गुणलेखक, आशाताई, कोणीही खूण पाहिली की हात वर करावा आणि सरपंचांनी शिट्टी वाजवावी.

वजनाच्या काट्याचाही विचार करा

आणखी एक नियम थोडक्यात सांगतो, कारण त्यात आमच्या आयांचा संबंध आहे. वजनी गटाच्या स्पर्धा आल्या की घरात जेवण उरू लागतं. पोरं दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून धावतात. काहीजण तर लघवीच्या गोळ्या मिळवतात. मग काट्यावर बसतात आणि तसेच एप्रिलच्या उन्हात खेळायला उतरतात. पेटके, चक्कर, उष्माघात, आणि मीठ-पाण्याचं गणित बिघडलं तर हृदयाचा ठोकाही चुकतो. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत सव्वा महिन्याच्या आत तीन कॉलेजचे पैलवान असं वजन उतरवताना मेले. तेव्हा तिथे घाम काढायच्या रबरी सुटावर बंदी आली आणि वजनाची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ आणली गेली. आपण मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी बाद झाली तेव्हा फक्त काट्याला शिव्या दिल्या. रात्रभर उपाशी-तापाशी घाम गाळून, केस कापून तिच्या शरीराचं काय झालं असेल, त्यावर कोणी बोललं नाही.

वस्तीतल्या स्पर्धेत उपाय सोपा आहे. वजन दोनदा घ्या, एकदा तीन आठवडे आधी नाव नोंदवताना आणि एकदा सामन्याच्या दिवशी. दोन वजनांत दोन किलोपेक्षा जास्त फरक पडला तर त्या पोराला वरच्या गटात घाला. उपाशी राहून फायदाच होणार नसेल तर पोरं जेवतील. ६५ च्या गटात घुसणाऱ्या ७० किलोवाल्यांची तक्रारही मिटेल.

पत्रकातली ती ओळ

आपल्या स्पर्धांच्या पत्रकात खाली बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, "खेळाडूस दुखापत झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही." बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरांत आणि ही ओळ बारीक. आमचं म्हणणं आहे, या वर्षीपासून ती ओळ काढा आणि तिच्या जागी हे छापा :

१. डोक्याला मार लागल्यावर पुढीलपैकी एकही खूण दिसली तर खेळाडू बाहेर जाईल व त्या दिवशी परत खेळणार नाही : क्षणभरही शुद्ध हरपणे, झोकांड्या, गोंधळणे, चुकीच्या बाजूला जाणे, डोकेदुखी, मळमळ, अंधारी, गुण किंवा सत्र न आठवणे.

२. त्याच्या जागी राखीव खेळाडू येईल. संघाला दंड नाही.

३. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पुढच्या स्पर्धेत प्रवेश नाही. २१ दिवस तर नाहीच.

४. मैदानाजवळ एक गाडी आणि चालक सामना संपेपर्यंत तयार राहील. चालक प्यायलेला नसेल. १०८ चा आकडा टेबलावर लिहिलेला असेल.

५. रेषा फक्कीने आखल्या जातील. कळीचा चुना वापरला जाणार नाही, तो डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो.

यात पैसे कुठे लागतात? फक्त बैठकीत ठराव लागतो.

घरच्यांसाठी

पडलेल्या पोराला हातपाय धरून उचलू नका. मानेला मार असू शकतो. डोकं आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि मदत येऊ द्या. तोंडात पाणी घालू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस कोणीतरी सोबत राहा. झोपला तर झोपू द्या, पण रात्री अधूनमधून हाक मारून बघा. त्याने दारू पिऊ नये, गाडी चालवू नये, खंबाटकीच्या घाटात तर नाहीच. अस्पिरिन किंवा दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी देऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, जीभ जड होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, दोन बुबुळं लहान-मोठी दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, हाक मारूनही नीट जाग न येणे, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ऊन लागलं असेल, नजर लागली असेल, असं म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं. तिथे १८३१ मध्ये सावित्रीबाई जन्मल्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात निघाल्या. त्याच साथीने त्यांना नेलं. दर ३ जानेवारीला आपण नायगावला जातो, फुलं वाहतो. त्या माउलीने परक्याचं पोर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. आपल्याला तर आपलंच पोर मैदानातून उठवून दहा पावलांवरच्या बाकावर बसवायचं आहे.

त्या आईच्या प्रश्नाला आम्ही पुन्हा "नियम नव्हता" असं उत्तर देणार नाही. येत्या जयंतीच्या ज्या स्पर्धेच्या पत्रकात ही ओळ असेल, तिथे आमचं टेबल लागेल. जिथे नसेल, तिथे आम्ही आधी बैठकीला येऊन बसू. जयभीम.